कोणत्या टप्प्यावर कुठली लॅब, कुठलं मार्केट

स्क्रिप्टचा पहिला-दुसरा ड्राफ्ट झाला की लॅब, फंड, मार्केट यांची यादी काढायची आणि डेडलाइन जवळ असेल त्या प्रत्येक ठिकाणी अर्ज टाकायचा, ही बऱ्याच स्वतंत्र फिल्ममेकर्सची पद्धत. कुठेतरी लागेल, नाही लागलं तर बिघडतं काय? बरंच बिघडतं. या क्षेत्रात निर्णय घेणारी माणसं मोजकी आहेत. एका लॅबचे अर्ज वाचणारा दुसऱ्या फंडाच्या ज्युरीवर असतो आणि तिसऱ्या फेस्टिव्हलसाठी फिल्म निवडत असतो. त्याने तुमची कच्ची स्क्रिप्ट एकदा वाचली की पुढच्या वर्षी सुधारलेली आली तरी ‘हे आधी पाहिलंय’ असं म्हणून तो पुढे सरकतो. काही फंडांच्या नियमांत तर नाकारलेला प्रोजेक्ट ठोस बदल दाखवल्याशिवाय परत पाठवू नका, असं स्पष्टच लिहिलेलं असतं. प्रोजेक्ट नवा म्हणून एकदाच पाहिला जातो. ती संधी कुठे आणि कधी वापरायची हे ठरवलं की बाकी गोष्टी तुलनेने सोप्या आहेत.

वर्कशॉप, लॅब, मार्केट: कोण काय देतं

वर्कशॉप तुमच्यासाठी असतं, लॅब प्रोजेक्टसाठी आणि मार्केट पैशासाठी. नावं फसवी असतात. ‘लॅब’ म्हणून जाहिरात केलेली गोष्ट तीन दिवसांची व्याख्यानमाला निघू शकते, आणि ‘वर्कशॉप’ म्हणवणारी एखादी वर्षभर स्क्रिप्टवर काम करून घेते. म्हणून नावापेक्षा निवड कशाची होते ते पाहा.

बर्लिन फेस्टिव्हलच्या बर्लिनाले टॅलेंट्समध्ये (२००३ पासून, तेव्हा नाव टॅलेंट कॅम्पस) मुळात माणसाची निवड होते. साधारण दोनशे जण घेतले जातात आणि त्यात दिग्दर्शकांबरोबर संकलक, छायालेखक, साउंड डिझायनरही असतात. प्रोजेक्ट असेल तर तिथल्या छोट्या लॅबसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. रॉटरडॅम लॅब नवख्या निर्मात्यांसाठी आहे. तिथे थेट अर्ज करून जाता येत नाही, भागीदार संस्थांनी नाव सुचवावं लागतं. आपल्या भागातली भागीदार संस्था कोणती ते शोधणं हीच तिथली पहिली पायरी, आणि नेमकी तीच बहुतेकांना माहीत नसते.

सनडान्स इन्स्टिट्यूटच्या लॅब १९८१ पासून चालू आहेत. तिथे लेखकांची लॅब वेगळी आणि दिग्दर्शकांची वेगळी. दिग्दर्शकांच्या लॅबमध्ये स्क्रिप्टमधले निवडक सीन नटांना घेऊन प्रत्यक्ष शूट करून, कापून पाहतात. टोरिनो फिल्म लॅब (२००८) काही महिन्यांवर पसरलेली असते. ठरावीक अंतराने एकत्र बसायचं आणि मधल्या काळात घरी पुनर्लेखन करायचं. कानच्या ‘रेझिदाँस’मध्ये पहिली-दुसरी फीचर (पूर्ण लांबीची फिल्म) लिहिणाऱ्या दिग्दर्शकांना पॅरिसमध्ये साडेचार महिने राहून लिहायला मिळतं. व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज सिनेमाची (२०१२) रचना आणखी वेगळी आहे. तिथे दिग्दर्शक-निर्माता अशी जोडी लागते, शेवटी निवडलेल्या प्रोजेक्टना ठरावीक अनुदान मिळतं (सुरुवातीला १,५०,००० युरो, नंतर २,००,०००) आणि तेवढ्यातच फिल्म पूर्ण करून व्हेनिसला दाखवावी लागते. ज्या गोष्टीला पाच लोकेशन आणि पाऊस लागतो ती घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही.

मार्केटमध्ये कुणी तुमची स्क्रिप्ट सुधारायला बसलेलं नसतं. रॉटरडॅमचं सिनेमार्ट १९८३ मध्ये सुरू झालं आणि निवडक प्रोजेक्ट, ठरलेल्या वेळी समोरासमोर भेटी, हा साचा तिथून जगभर गेला. बर्लिनचं को-प्रॉडक्शन (सहनिर्मिती) मार्केट, बुसानचं एशियन प्रोजेक्ट मार्केट (१९९८ मध्ये पुसान प्रमोशन प्लॅन, पीपीपी, या नावाने सुरू झालेलं), हाँगकाँगचं एचएएफ (हाँगकाँग-एशिया फिल्म फायनान्सिंग फोरम), एनएफडीसीने (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने) २००७ मध्ये गोव्यात सुरू केलेला फिल्म बाजार, सगळे थोड्याफार फरकाने तेच करतात. कानचं मार्शे द्यू फिल्म (१९५९) त्यामानाने बाजारपेठच आहे. पैसे भरून बिल्ला घेतला की क्षेत्रातल्या कुणालाही जाता येतं, पण तुमच्यासाठी कुणी भेटी लावून ठेवलेल्या नसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी निवड होणारं मार्केट गाठावं. नुसता बिल्ला घेऊन मोठ्या मार्केटमध्ये चार दिवस फिरण्यात पायपीटच जास्त होते.

डॉक्युमेंटरीचा रस्ता वेगळा आहे. ॲमस्टरडॅमचा इडफा फोरम (१९९३) आणि त्याच्यासारखे फोरम टीव्ही वाहिन्यांचे कमिशनिंग एडिटर (कार्यक्रम निवडून पैसा देणारे) आणि फंडांचे लोक समोर बसवून पिच करायला, म्हणजे प्रोजेक्ट थोडक्यात मांडायला, लावतात. तिथे स्क्रिप्ट कुणी मागत नाही. दोन-तीन मिनिटांचं फुटेज मागतात, आणि पात्रांपर्यंत तुमची पोहोच खरी आहे का हे त्यावरून जोखतात.

आपला टप्पा कोणता

स्वतःला फसवायला सर्वात सोपी जागा ही. काही ठोस खुणा अशा. दहा पानांची ट्रीटमेंट (गोष्टीची सविस्तर मांडणी) आहे पण शेवट पक्का नाही, तर लेखन लॅब किंवा डेव्हलपमेंट फंड. रॉटरडॅमचा ह्यूबर्ट बाल्स फंड (१९८८) या टप्प्यावर १०,००० युरोंच्या आसपास मदत देतो, पण दिग्दर्शक त्यांच्या यादीतल्या देशाचा हवा. पूर्ण ड्राफ्ट आहे, दोन-तीन परक्या वाचकांनी वाचलाय, निर्माता सोबत आहे, पण पैसा नाही, तर को-प्रॉडक्शन मार्केट. पैसा बहुतांश जमलाय आणि शेवटचा तुकडा अडलाय, तर गॅप फायनान्सिंग. व्हेनिसच्या गॅप-फायनान्सिंग मार्केटला तर निदान ७० टक्के पैसा उभा झालेला लागतो. शूटिंग झालंय, रफ कट (पहिलं कच्चं संकलन) आहे, तर वर्क-इन-प्रोग्रेस, म्हणजे तयार होत असलेली फिल्म निवडक लोकांना दाखवण्याचा विभाग.

निर्माता नसताना मार्केटला अर्ज करू नका. नियमात बसत असलं तरी नको. समोरचा माणूस तुमच्या कंपनीबरोबर करार करणार असतो. तुमच्या बाजूला सही करणारं कुणी नसेल तर भेट गप्पांवर संपते. मित्राचं नाव निर्माता म्हणून घालणं त्याहून वाईट. पहिल्याच भेटीत ‘तुमच्या देशातून किती टक्के येणार?’ असा प्रश्न आला की ते उघडं पडतं.

भूगोलही पाहा. लोकार्नोचं ओपन डोअर्स (२००३) एका वेळी एकाच भूप्रदेशावर काही वर्षं काम करतं. २०१६ ते २०१८ दक्षिण आशिया होता, २०१९ ते २०२१ आग्नेय आशिया आणि मंगोलिया. व्हेनिसचं फायनल कट (हेही वर्क-इन-प्रोग्रेसच) आफ्रिका आणि काही अरब देशांपुरतं आहे. पात्रतेची ओळ न वाचता केलेले अर्ज पहिल्याच चाळणीत जातात.

फेस्टिव्हल आणि मार्केटचं वर्षाचं चक्र ढोबळमानाने असं फिरतं: जानेवारीअखेर रॉटरडॅम, फेब्रुवारीत बर्लिन, मार्चमध्ये हाँगकाँग, मेमध्ये कान, ऑगस्टमध्ये लोकार्नो, ऑगस्टअखेर-सप्टेंबरात व्हेनिस, सप्टेंबरात सान सेबास्टियन, त्या सुमारास किंवा थोडं पुढे बुसान, नोव्हेंबरमध्ये गोवा, ॲमस्टरडॅम, टोरिनो, फ्रान्समधलं नांत. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी चार ते सहा महिने आधी संपते. म्हणजे फेब्रुवारीत बर्लिनला जायचं तर पावसाळ्यातच ड्राफ्ट तयार हवा. शेवटच्या आठवड्यात अनुवाद करून घ्यायचा बेत करू नका. संवादांचा अनुवाद स्क्रिप्टचा जीव घेऊ शकतो. अनुवादकाला तीन आठवडे द्या आणि नंतर इंग्रजी चांगलं असणाऱ्या, पण मूळ भाषा न येणाऱ्या माणसाला वाचायला द्या. विनोद कळला का, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं ते कळलं का, एवढंच विचारा.

कागद

जवळपास सगळीकडे मागतात ते असं: लॉगलाइन (एक-दोन वाक्यांत गोष्ट), एक पानी सिनॉप्सिस (सारांश), पाच ते दहा पानांची ट्रीटमेंट किंवा पूर्ण स्क्रिप्ट, दिग्दर्शकाचं निवेदन, निर्मात्याची नोंद, दोघांची माहिती आणि फिल्मोग्राफी, बजेट, फायनान्स प्लॅन, वेळापत्रक, आधीच्या कामाच्या लिंक. कथा, कादंबरी किंवा खऱ्या माणसाच्या आयुष्यावर असेल तर हक्कांचा करार. हा शेवटचा कागद लोक ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात, आणि फंड मंजूर झाल्यावर पैसा अडतो तो नेमका याच कागदावर.

लॉगलाइन पंचवीस-तीस शब्दांची. ‘आपली ओळख शोधणाऱ्या एका स्त्रीचा हळुवार, अंतर्मुख करणारा प्रवास’ ही ओळ कुठल्याही फिल्मला चिकटते, म्हणून ती कुठल्याच फिल्मची नाही. त्याऐवजी: ‘धरणाखाली जाणाऱ्या गावात शेवटची पत्रं वाटताना पोस्टमन बाईला मेलेल्या नवऱ्याच्या हस्ताक्षरातलं ताजं पत्र सापडतं. गाव रिकामं व्हायला अकरा दिवस उरलेत आणि पत्ता आधीच पाण्याखाली गेलेल्या वाडीचा आहे.’ कोण, काय घडलं, मुदत किती, अडचण कोणती, सगळं आलं. विशेषणं मोजकीच, पण ‘शेवटची’ आणि ‘ताजं’ दोन्ही काम करतात.

सिनॉप्सिसमध्ये शेवट सांगायचा. ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा’ हे पोस्टरवर शोभतं. निवड करणाऱ्याला लेखकाला शेवट माहीत आहे का हेच तपासायचं असतं.

दिग्दर्शकाच्या निवेदनात सर्वाधिक अर्ज पडतात. तिथे लोक गोष्ट पुन्हा सांगतात, नाहीतर विषयाचं महत्त्व सांगतात: विस्थापन हा आज किती ज्वलंत प्रश्न आहे वगैरे. वाचणाऱ्याला हवं असतं ते पडद्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल. वरच्या गोष्टीसाठी एवढं लिहिलं तरी पुरे: कॅमेरा बाईच्या उंचीवर आणि तिच्या चालीने, पाणी कधीही वरून दाखवायचं नाही, ते फक्त दाराच्या उंबऱ्याशी वाढत जाताना दिसेल. पार्श्वसंगीत नाही, गाव जसं रिकामं होत जाईल तसा कोंबड्यांचा, पंपाचा, शाळेच्या घंटेचा आवाज एकेक करून बंद पडेल. यातून दिग्दर्शक दिसतो. मूडबोर्डात (फिल्म कशी दिसेल ते सुचवणाऱ्या चित्रांच्या पानांत) दुसऱ्यांच्या गाजलेल्या फिल्ममधली चित्रं भरण्यापेक्षा लोकेशनवर फोनने काढलेले आठ फोटो जास्त बोलतात.

एकच पीडीएफ, सांगितलेल्या मर्यादेत, साधारण १० एमबीच्या आत. लिंकला पासवर्ड असेल तर निकाल लागेपर्यंत तो बदलू नका आणि लिंक काढू नका. निवड समिती तीन महिन्यांनी बघते. सबटायटल व्हिडिओवरच छापलेले असू द्या. वेगळी सबटायटल फाइल जोडून बघण्याची तसदी कुणी घेत नाही.

फायनान्स प्लॅन

बजेट म्हणजे खर्च, फायनान्स प्लॅन म्हणजे तो कुठून येणार. दोन्हींची बेरीज एकच हवी. हास्यास्पद वाटेल, पण ती न जुळणं ही नेहमीची चूक आहे, कारण शेवटच्या रात्री बजेट बदलतं आणि दुसरी शीट तशीच राहते.

समजा बजेट ३,००,००० युरो. आपल्या कंपनीची गुंतवणूक ६०,००० (२० टक्के), पक्की. सरकारी अनुदान ७५,००० (२५ टक्के), अर्ज केलेला. सहनिर्मात्याच्या देशातला फंड ९०,००० (३० टक्के), अजून सहनिर्माताच नाही. पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओची सेवा ३०,००० (१० टक्के), लेखी पत्र आहे. मानधन पुढे ढकललेलं १५,००० (५ टक्के), लेखी. सेल्स एजंटची (तुमची फिल्म वेगवेगळ्या देशांत विकणाऱ्याची) मिनिमम गॅरंटी, म्हणजे आगाऊ दिलेली किमान रक्कम, ३०,००० (१० टक्के), अपेक्षित. कागदावर यातले ३५ टक्के पक्के दिसतात. पण वाचणारा लगेच वेगळी करतो ती रोख रक्कम, आणि ती फक्त २० टक्के आहे. सेवा आणि ढकललेल्या मानधनातून जेवणाचं बिल आणि कॅमेऱ्याचं भाडं चुकत नाही. शिवाय पहिल्या फिल्मला स्क्रिप्टच्या टप्प्यावर सेल्स एजंट आगाऊ पैसे देण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे तो १० टक्क्यांचा रकाना अनुभवी माणूस मनातल्या मनात खोडतो. खोडण्यापेक्षा तुम्हीच तो प्लॅनमधून काढा आणि बजेट तेवढं कमी करता येतं का पाहा.

प्रत्येक रकान्यासमोर ‘पक्का’, ‘अर्ज केलेला’, ‘योजलेला’ (अजून मागितलेला नाही) यांपैकी एक लिहाच. ‘बोलणी चालू’ असं लिहिलं की वाचणारा ‘काही नाही’ असं वाचतो. आणि ते खोटं लिहू नका. फंडाची माणसं एकमेकांना फोन करतात.

बजेटमध्ये हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी: आकस्मिक खर्चासाठी साधारण १० टक्के, डीसीपी (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत), सबटायटल, संगीत-आणि-इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक, विमा, वकील, ऑडिट. अनेक सार्वजनिक फंड शेवटचा हप्ता ऑडिट केलेल्या हिशेबाशिवाय सोडत नाहीत.

सहनिर्मितीचं गणित

परदेशी फंडाचा पैसा क्वचितच मोकळा असतो. बर्लिनालेच्या वर्ल्ड सिनेमा फंडासाठी (२००४) जर्मन भागीदार लागतो, फ्रान्सच्या ‘एद ओ सिनेमा द्यू मोंद’साठी फ्रेंच सहनिर्माता. म्हणजे फंडाला अर्ज तुम्ही एकटे करत नाही, बहुधा तिथला निर्माता करतो, आणि मार्केटमध्ये तुम्ही मुळात त्या निर्मात्यालाच शोधायला जाता. दुसरी अट खर्चाची. मिळालेला पैसा बहुधा त्या देशात खर्च करावा लागतो. जर्मनीतल्या प्रादेशिक फंडांत तर दिलेल्या रकमेच्या दीडपट खर्च त्या भागात करण्याची अट सर्रास असते. शूटिंग सगळं तुमच्याकडे असेल तर तिथे खर्च काय करणार? साउंड मिक्स, कलर, व्हीएफएक्स, संगीतकार, कधी छायालेखक. हे आधी ठरवा. नाहीतर ९०,००० युरो मिळतात आणि त्यांतून स्वस्तात होणारी कामं महागात करून घ्यावी लागतात. हातात उरतं काय ते मोजूनच हो म्हणा.

दोन देशांत अधिकृत करार असेल तर धाकट्या (कमी वाट्याच्या) भागीदाराचा वाटा किमान किती हवा ते त्यात लिहिलेलं असतं. अनेक द्विपक्षीय करारांत तो २० टक्के असतो, काहींत १०. करार मूळातून वाचा, कुणाच्या आठवणीवर जाऊ नका.

मार्केटमधले दिवस

भेट साधारण अर्ध्या तासाची, एका दिवसात आठ-दहा. कोण येणार आहे याची यादी आधी मिळते. प्रत्येकाने गेल्या तीन वर्षांत काय केलंय ते पाहा आणि एका ओळीत लिहून ठेवा: याच्याकडून मला काय हवं. फेस्टिव्हल प्रोग्रॅमरकडून पैसा मिळत नाही, सेल्स एजंट स्क्रिप्ट सुधारत नाही, फंडाचा माणूस तिथल्या तिथे होकार देत नाही. चुकीच्या माणसाकडे चुकीची गोष्ट मागितली की भेट वाया जाते.

पिच पाच मिनिटांत संपवा. स्टेजवरचं पिच असेल तर तीन ते सात मिनिटं मिळतात आणि घंटा वाजली की माइक बंद होतो. गोष्ट, ती तुम्हीच का करताय, कशी दिसेल, पैसा कुठवर आलाय, आता काय हवं. या क्रमाने बोला. दिग्दर्शकाने गोष्ट सांगावी, निर्मात्याने आकडे. एक बोलताना दुसऱ्याने लॅपटॉपमध्ये डोकं घालू नये. पाठ केलेलं कळतं, म्हणून पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा.

मग थांबा. उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांचा, आणि तुमच्याही: तुम्ही धाकटे सहनिर्माते म्हणून वर्षाला किती फिल्म घेता? तुमच्या फंडाची पुढची डेडलाइन कधी? पहिल्या फिल्मसाठी तुमचा बजेटचा पट्टा कोणता? या तीन उत्तरांवरून पुढे जायचं की नाही ते दहा मिनिटांत कळतं. ‘खूप आवडलं, संपर्कात राहू’ याला होकार समजू नका. ‘स्क्रिप्ट पाठवा’ म्हणाले तर तारीख विचारा. ‘आमच्या फंडाला मार्चमध्ये टाकू, त्याआधी पुढचा ड्राफ्ट हवा’ असं ऐकू आलं तर ती खरी भेट.

प्रत्येक भेटीनंतर दोन मिनिटं उभ्याउभ्या टिपण काढा. सहाव्या भेटीनंतर कोण काय म्हणालं याचा गोंधळ होतोच.

गोपनीयतेच्या करारावर सही मागू नका. मार्केटमध्ये तो कुणी करत नाही, आणि मागितलात तर नवखेपणा दिसतो. कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या स्क्रिप्टला असतो. ती आधी नोंदवून ठेवा आणि मोकळेपणाने बोला.

प्रवासाचं एक. काही लॅब राहण्याचा खर्च उचलतात पण विमानाचा नाही, काही फी घेतात आणि मागितली तर सवलत देतात. निवडीचं पत्र आल्याच्या दिवशीच विचारा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो, पण अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. आमंत्रणपत्रात नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहून घ्या.

लॅबमध्ये मिळणारे अभिप्राय

लॅबचा खरा फायदा आणि खरा धोका दोन्ही इथे आहेत. एका आठवड्यात चार-पाच मेंटॉर तुमची स्क्रिप्ट वाचून बोलतात. एक म्हणतो धाकटा भाऊ काढून टाक. दुसरी म्हणते भावाला आणखी सीन दे. तिसरा म्हणतो सुरुवातच उशिरा होते. बरेच जण खोलीवर जाऊन त्याच रात्री सगळं लागू करायला बसतात, आणि शेवटी स्क्रिप्ट कुणाचीच राहत नाही.

मेंटॉरचं निदान आणि त्याचा उपाय वेगळे धरा. उपाय बहुधा त्याच्या फिल्मचा असतो, तुमच्या नाही. पण तिघांनी तीन वेगळे उपाय सांगताना बोट जर ४० ते ५० या पानांवर ठेवलं असेल, तर तिथे नक्की काहीतरी मोडलंय. एक कागद घ्या, डावीकडे पान क्रमांक, मध्ये तक्रार, उजवीकडे कोण. उपायासाठी रकानाच ठेवू नका. परतल्यावर दहा-पंधरा दिवस स्क्रिप्टला हात लावू नका, मग तो कागद उघडा. ज्या पानांसमोर दोन किंवा जास्त नावं आहेत तिथून सुरुवात करा. आणि पुष्कळदा दुरुस्ती त्या पानांवर नसते. ४५व्या पानावर कंटाळा येतो, कारण १२व्या पानावर बाईला काय हवंय ते प्रेक्षकाला कळलेलंच नसतं.

मेंटॉरशी वाद घालू नका. ‘पण मला असं म्हणायचं होतं’ हे समजावत बसलात तर त्याचा वेळ तुमच्या बचावात जातो. त्याला गैरसमज झाला असेल तर कुठल्या ओळीमुळे झाला ते विचारा, ती ओळ बदलली की काम झालं. मात्र फिल्मचा गाभाच बदला असं कुणी सांगत असेल तर शांतपणे ऐकून सोडून द्यायलाही शिका. निवड झाली म्हणजे आज्ञाधारकपणाची अट लागत नाही.

रफ कट दाखवताना

वर्क-इन-प्रोग्रेससाठी कट कच्चा चालतो, अर्धवट नाही. कलर आणि साउंड बाकी असू दे, पण संवाद ऐकू आले पाहिजेत. न झालेल्या सीनच्या जागी काळ्या पडद्यावर दोन ओळी टाका. टाइमकोड आणि वॉटरमार्क छापून घ्या, अभिप्राय वेळेनिशी येतात. तात्पुरतं संगीत म्हणून एखादी प्रसिद्ध धून लावली तर सगळे त्या धुनेवर बोलतात आणि पुढे तुमचं खरं संगीत फिकं वाटतं.

बंद दाराआडचं हे स्क्रीनिंग सहसा प्रीमियर धरलं जात नाही. सार्वजनिक किंवा तिकीट लावून केलेलं धरलं जातं. धोका वेगळा आहे: त्या खोलीत फेस्टिव्हलचे प्रोग्रॅमर बसलेले असतात आणि त्यांनी पाहिलेला हाच कट त्यांच्या लक्षात राहतो. कटमध्ये वीस मिनिटं जास्त आहेत हे तुम्हालाच माहीत असेल, तर ती काढून मगच या. कट एखाद्या मोठ्या फेस्टिव्हलच्या विचाराधीन असेल तर त्याच वेळी इथे दाखवण्याआधी त्यांना एक ओळ लिहा.

सेल्स एजंट भेटला तर कमिशन किती हे सगळे विचारतात (२०-३० टक्क्यांच्या घरात असतं). त्याहून महत्त्वाचा प्रश्न: प्रसिद्धीचा खर्च आधी वजा होणार का आणि त्याला कमाल मर्यादा किती? मर्यादा नसेल तर विक्री होऊनही निर्मात्याच्या हाती शून्य येऊ शकतं.

सही करण्याआधी

बक्षीस किंवा अनुदानाच्या पत्रात चार गोष्टी शोधा. रक्कम परत करायची आहे का, नफ्यातून की आधीच. पैसा कुणाच्या खात्यात येणार. बहुतेक ठिकाणी नोंदणीकृत कंपनी लागते. हप्ते कसे, कारण सही, शूटिंग आणि अंतिम प्रत अशा तीन टप्प्यांत पैसा येत असेल तर मधला खर्च कुणीतरी उसना द्यावा लागतो. आणि लोगो, क्रेडिट, पहिल्या प्रदर्शनाची अट. पाच लॅबचे पाच लोगो सुरुवातीला लावायची हमी वेगवेगळ्या करारांत दिली की शेवटी सगळ्यांना पत्रं लिहीत बसावं लागतं.

काही ठिकाणी अर्जच करू नये. फी भरणारा प्रत्येक जण ‘निवडला’ जातो, मेंटॉरची नावं जाहीर नाहीत, आधीच्या वर्षांतल्या कुठल्या फिल्म पूर्ण झाल्या ते सांगत नाहीत, किंवा फंडिंगची हमी देतात, यांपैकी एक जरी दिसलं तरी. माजी सहभागींपैकी दोघांना मेल करा. ते खरं सांगतात.

परतल्यावर

पहिला मेल एका आठवड्याच्या आत: कोणत्या दिवशी भेटलो, काय बोललो, मागितलेली फाइल सोबत. चार ओळी पुरे. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण, त्यानंतर नाही. पुढचा मेल फक्त बातमी असेल तेव्हा: नवा ड्राफ्ट, पक्का झालेला फंड, ठरलेल्या शूटिंगच्या तारखा. तीन-चार महिन्यांनी अशी एक बातमी गेली की प्रोजेक्ट जिवंत आहे हे कळतं. तुम्ही भेटलेल्यांपैकी कुणाचा तरी प्रतिस्पर्धी सहनिर्माता म्हणून आला तर पहिल्याला तुमच्याकडूनच कळू द्या, बातमीतून नको. आणि एकाच देशातल्या दोन निर्मात्यांशी एकाच वेळी बोलणी चालू असतील तर दोघांनाही तसं सांगून ठेवा, कारण शेवटी अर्ज त्याच एका फंडाकडे जाणार असतो.